सहावा प्रश्न : घड्याळ बरोबर आहे का?

सहाव्या प्रश्नापुढे विद्वांसांनी पुन्हा 'होय'वर टिक केली होती. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

प्रश्न असा होता : 'तुमच्या कॉम्प्युटरवरची तारीख आणि वेळ बरोबर आहे का?' होय. त्याच्या वरचे पाचही होय. इंटरनेट चालू आहे. पासवर्ड बदलून झाला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. अँटिव्हायरसमध्ये ॲपला परवानगी दिली. ॲप काढून पुन्हा घातलं. फॉर्मच्या तळाशी 'अधिक माहिती, ऐच्छिक' अशी एक रिकामी चौकट असायची. बहुतेक लोक ती रिकामीच ठेवत. विद्वांसांनी तिथे लिहिलं होतं, 'हाच फॉर्म मी सोमवारी भरला, मंगळवारीही भरला. माझी उत्तरं बदललेली नाहीत. आपले प्रश्न बदलले तर कळवावे.'

पल्लवीने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मॅडम, आता काय विचारू यांना?"

"एरर तोच आहे?"

"तोच. 'काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा.' त्यावरही लिहिलंय त्यांनी. 'काहीतरी म्हणजे काय? असं उत्तर माझ्या हाताखालच्या माणसाने दिलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता.'"

आम्ही दोघी हसलो. त्या आठवड्यातलं आमचं एकत्र हसणं तेवढंच.

रेवा, चिन्मय, तुम्ही गेल्या रविवारी पर्थहून फोन केलात. गेममध्ये साइन-इन होत नव्हतं. मी विचारलं, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात किती वाजलेत? चिन्मयने सांगितलं, आणि तुमचं काम झालं. मग रेवाने विचारलं, 'आजी, तुला कसं कळलं?' फोनवर मी म्हटलं, नोकरीच होती माझी ती. हे उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. म्हणून आता नीट लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, माझं सगळं शिक्षण इंग्रजीतच झालं. पण ही माणसं मराठीत बोलली, तेव्हा त्यांना मराठीतच राहू दे. अडेल तिथे बाबा वाचून दाखवतील.

निवृत्त होण्याआधीची सहा वर्षं मी हिंजवडीतल्या एका सपोर्ट सेंटरमध्ये होते. सपोर्ट सेंटर म्हणजे दुसऱ्याच्या दुकानातल्या तक्रारी ऐकण्याचं दुकान. गेम परदेशातल्या एका कंपनीने बनवलेला. तिला आम्ही 'क्लायंट' म्हणायचो. गेम अडला की खेळणारा तक्रार करतो, तिला 'टिकेट' म्हणतात, आणि ते टिकेट पुण्यात येऊन पडतं. पहिल्या फळीतली मुलं-मुली त्याला उत्तरं देतात. त्यांना जमलं नाही तर ते दुसऱ्या फळीकडे येतं. दुसऱ्या फळीची लीड मी.

साइन-इनच्या तक्रारींसाठीचा तो फॉर्म माझाच होता. सहा प्रश्न, प्रत्येकाला होय किंवा नाही. त्याआधी लोक लांबलचक मेल लिहीत आणि पहिल्या फळीतली मुलं त्यात हरवून जात. मी ते सगळं सहा चौकटींत बसवलं. क्लायंटने कौतुक केलं होतं. मला व्यवस्थितपणाची सवय आहे हे तुमची आई तुम्हाला सांगतेच, बहुधा हसून.

पल्लवी पहिल्या फळीत होती. यवतमाळकडची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला, सहा महिने प्रोबेशनवर. प्रोबेशन म्हणजे तुम्ही नोकरीत असता, पण कंपनीने अजून होकार दिलेला नसतो. महिनाअखेरीला तिच्या कन्फर्मेशनचा निर्णय व्हायचा होता. धाकट्या बहिणीला नर्सिंगच्या कोर्ससाठी ती पुण्यात आणणार होती. दोघींसाठी खोली बघून ठेवली होती, पण घरमालकाला कन्फर्मेशनचं पत्र हवं होतं. प्रोबेशनवरच्या मुलींना खोली देत नाही, त्या मधेच सोडून जातात, असं त्याचं म्हणणं. हॉस्टेल सोडायची तारीखही तिने कळवून टाकली होती. जेवायच्या सुट्टीत ती मला त्या खोलीचे फोटो दाखवायची. एक खिडकी, एक ओटा, आणि खिडकीखाली अभ्यासाचं टेबल मावेल एवढी जागा.

कन्फर्मेशन कशावर ठरतं? टिकेटवर. पाचव्या दिवशीही उघडं राहिलेलं टिकेट तुमच्या नावापुढे लाल दिसतं. विद्वांसांचं टिकेट शुक्रवारी लाल होणार होतं.

विद्वांस कोण, तेही सांगते. कसबा पेठेत राहणारे, वय सत्तरीच्या आसपास, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. तुम्ही खेळता तोच गेम ते खेळत. ओसाड जमिनीवर शहर उभारायचं, रस्ते काढायचे, पाणी आणायचं. चार जणांची टीम. त्यांच्या टीममध्ये ब्राझीलचे दोन भाऊ होते आणि पोलंडची एक शिक्षिका, आणि कप्तान हे. शहरातल्या सगळ्या पाइपलाइन त्यांनी स्वतः टाकल्या होत्या. गेमचा नियम असा की कप्तान सलग सात दिवस आला नाही तर शहर दुसऱ्याच्या ताब्यात जातं. त्यांची मुदत रविवारी दुपारी संपत होती. हे त्यांनी तिन्ही फॉर्मच्या त्या ऐच्छिक चौकटीत लिहिलं होतं, तारीख-वारासकट.

मी मॅनेजरकडे गेले. समीर नाव त्याचं, माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्या फळीने गिऱ्हाइकाला फोन करायचा नाही, फक्त मेल आणि चॅट, असा आमचा नियम होता. दुसऱ्या फळीने करायचा तर मॅनेजरची परवानगी लागे.

"समीर, एक फोन करायचाय. पुण्यातलेच गृहस्थ आहेत. पाच मिनिटांत कळेल काय ते."

"पेड युजर आहे का मॅडम?"

"नाही, फ्री."

"मग कशाला? युजर साइड इश्यू म्हणून क्लोज करा ना. सगळ्या स्टेप्स झाल्यात, आपली कम्प्लायन्स ओके आहे."

"झाल्यात, पण गेम उघडत नाही."

"मॅडम, आपण स्टेप्स देतो. गॅरंटी देत नाही."

हे वाक्य त्याला पाठ होतं. ट्रेनिंगमध्ये मीच शिकवलेलं.

शुक्रवारी सकाळी विद्वांसांचा चौथा फॉर्म आला. सहा होय. खाली चौकटीत लिहिलं होतं, 'आपल्या कंपनीत एखादा जिवंत माणूस नोकरीला असल्यास त्याला रविवारी सकाळी दहा वाजता पाठवावे. पत्ता खाली देत आहे. साडेबारानंतर येऊ नये, माझी विश्रांतीची वेळ असते.' खाली पूर्ण पत्ता. जिना कुठल्या अंगाला आहे, तेही.

मी मोठ्याने वाचलं आणि आजूबाजूचे हसले. पल्लवी हसली नाही.

"मॅडम, ते तर बोलावून राहिले."

"अगं, तो टोमणा आहे. पुण्यात असं बोलतात. खरंच कुणी गेलं तर दार उघडणार नाहीत."

"पण वेळ दिली आहे ना. पत्ता दिला आहे."

"म्हणून तर टोमणा. वेळ दिली नसती तर नुसता राग झाला असता."

ती परत स्क्रीनकडे बघायला लागली. आमच्याकडे पत्ता देऊन बोलावलं की जातात, असं ती म्हणाली, स्वतःशीच म्हणाल्यासारखं. मी ऐकलं. सोमवारी बघू, असं म्हणून मी माझ्या जागेवर गेले. संध्याकाळी टिकेट लाल झालं.

सोमवारी बसमधून उतरते तोच पल्लवी समोर आली.

"झालं मॅडम. विद्वांस काकांचं साइन-इन झालं. शहर पण वाचलं."

"काय होतं?"

"घड्याळ. दहा मिनिटं पुढे."

"त्यांनी तर चार वेळा 'होय' लिहिलंय."

"हो ना. त्यांच्या हिशेबाने बरोबरच आहे ते. घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे आहेत. कॉम्प्युटर आपोआप वेळ बरोबर करतो ना, तर यांनी ती सोय बंद करून टाकली. म्हणाले, 'तो रोज माझं घड्याळ मागे ओढत होता.'"

मी तिथेच थांबले. मागचे लोक बाजूने जात होते. मला हसू यायला हवं होतं, पण मला माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ आठवलं. तेही दहा मिनिटं पुढे होतं. कंपनीची बस चुकू नये म्हणून मी सहा वर्षं ते पुढे ठेवलं होतं. त्याआधी तुमच्या बाबांची शाळेची रिक्षा चुकू नये म्हणून. माझ्या आईचंही पुढे असायचं. मला कुणी विचारलं असतं, 'घड्याळ बरोबर आहे का?' तर मीही 'होय'च म्हटलं असतं. आपल्याकडे दहा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळालाच बरोबर म्हणतात. हे मला माहीत होतं, आणि तो प्रश्न मी लिहिला होता.

आता घड्याळाचा आणि साइन-इनचा काय संबंध, ते सांगते. तुम्ही पासवर्ड घातलात की दूरचा सर्व्हर तुम्हाला ओळखतो आणि एक चिठ्ठी देतो. 'यांना ओळखलं, आत घ्या.' चिठ्ठीवर वेळ असते आणि मुदतही. चोरून कुणी नंतर वापरू नये म्हणून. आधी ही मुदत अर्ध्या तासाची होती. ॲपच्या नव्या व्हर्जनमध्ये क्लायंटने ती पाच मिनिटांवर आणली, आणि आम्हाला कळवलं नाही. घड्याळ दहा मिनिटं पुढे असलेल्या कॉम्प्युटरला ती चिठ्ठी हातात पडतानाच शिळी दिसते. तो ती फेकून देतो आणि म्हणतो, काहीतरी चुकलं आहे. पासवर्ड बदला, ॲप काढा, पुन्हा घाला, काहीही करा. प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी, आणि प्रत्येक वेळी ती शिळी.

मी पल्लवीला विचारलं, "बोललीस त्यांच्याशी?"

"बोलली ना मॅडम. छान आहेत काका. वरून तेवढे रागीट."

कशी बोललीस, कुठे बोललीस, हे मी विचारलं नाही. फोन केला असेल, नियम मोडून, असं मी धरून चालले. तेवढ्याकडे काणाडोळा करायची माझी तयारी होती. शुक्रवारचं तिचं वाक्य मला आठवलं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. आठवलं असावं. मी त्याच्याजवळ थांबले नाही.

दुपारपर्यंत मी आमच्याकडची भारतातली साइन-इनची उघडी टिकेटं काढून बसले. प्रत्येकाला एकच मेल. 'कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात आत्ता काय वेळ दिसते, ती आकड्यांत लिहून पाठवा.' उत्तरं येत गेली. आठ मिनिटं पुढे, दहा मिनिटं पुढे, नागपूरच्या एका बाईंचं पंधरा. एक एक टिकेट बंद होत गेलं. फॉर्ममधला सहावा प्रश्न मी त्याच दिवशी बदलला. 'बरोबर आहे का' काढून टाकलं आणि 'काय दिसते ते लिहा' केलं. समीर खुश झाला. आठवड्याच्या मीटिंगमध्ये त्याने क्लायंटला सांगितलं की आमच्या टीमने रूट कॉज शोधला. पल्लवीचं नाव मी घेतलं, तेव्हा तो म्हणाला, "हो हो, टीम एफर्ट."

आता माझी चूक. ती मी चांगल्या हेतूने केली. तसं म्हटल्याने ती लहान होत नाही.

तक्रार मिटली की गिऱ्हाइकाला फोन करून 'समाधानी आहात ना' असं विचारायला आमच्याकडे परवानगी होती. अडचण असताना फोन करायचा नाही, सुटल्यावर करायचा. मी विद्वांसांना फोन केला.

"समाधानी?" ते म्हणाले. "चार फॉर्म भरून घेतलेत आणि आता समाधान विचारता?"

"चुकलंच आमचं."

"तुमचं चुकलं. त्या मुलीचं नाही. चार मिनिटांत काम केलं तिने. चाळीस वर्षं नोकरी केली मी, कुणाला लेखी शाबासकी दिलेली नाही."

"मग आता द्या," मी म्हटलं. "या महिनाअखेरीला तिच्या नोकरीचा निर्णय आहे. तुमचं पत्र आलं तर उपयोग होईल."

"कुणाच्या नावे?"

मी त्यांना मॅनेजरचा पत्ता दिला. आणि वर म्हटलं, क्लायंटच्या ऑफिसलाही एक प्रत पाठवा, इंग्रजीत लिहा, म्हणजे वजन पडेल. तो पत्ता मी स्वतः एक एक अक्षर सांगून त्यांना उतरवून दिला.

"काय काय लिहू?"

"जे झालं ते सगळं. व्यवस्थित."

"व्यवस्थित सोडून मला दुसरं काही येत नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पत्र दुसऱ्या दिवशी आलं. सात परिच्छेद, प्रत्येकाला क्रमांक. पहिल्या दोनांत आमच्या फॉर्मची हजेरी घेतली होती. तिसऱ्यात होतं, 'रविवारी, माझ्या घड्याळाप्रमाणे दहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे बरोबर दहा वाजता, कुमारी पल्लवी माझ्या घरी आल्या.' चौथ्यात, त्या विद्वांसांच्या कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे, स्वतःच्या मोबाइलकडे आणि स्क्रीनकडे एकापाठोपाठ एक पाहिलं. पाचव्यात, चार मिनिटांत काम झालं. सहाव्यात, चहाला त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा घेतला. आणि सातव्यात, 'स्तुती करण्याची मला सवय नाही. ही व्यक्ती कायम करावी.'

मी तिसरा परिच्छेद दोनदा वाचला. मग पल्लवीच्या जागेकडे बघितलं. ती हेडफोन लावून कुणाला तरी उत्तर लिहीत होती.

दोन दिवसांनी क्लायंटचं उत्तर आलं. शाबासकीबद्दल त्यात एक ओळही नव्हती. तुमच्या कर्मचाऱ्याने युजरच्या घरी जाऊन त्याचा कॉम्प्युटर हाताळला, हे खरं आहे का? टिकेटमधली खाजगी माहिती, म्हणजे पत्ता, ऑफिसबाहेर वापरला गेला का? यावर काय कारवाई केली, ते दोन दिवसांत कळवावं.

समीरने मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, हे काय आहे? क्लायंटला कॉपी कुणी करायला सांगितलं याला?"

"मी."

त्याने केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "ओके, ते कुठे बोलू नका."

पल्लवीला एचआरने बोलावलं. लीड म्हणून मला बसावं लागलं. एचआरची बाई वाईट नव्हती. तिने एक जाड फाइल उघडली आणि पल्लवीची सही दाखवली, कामाच्या पहिल्या दिवशी केलेली.

"हे साइन केलं होतं ना तुम्ही? युजर डेटाबद्दलचं?"

"केलं होतं."

"तरी गेलात?"

"त्यांनी बोलावलं होतं, मॅडम. लिहून बोलावलं होतं. टिकेटमध्ये आहे."

"टिकेटमधला पत्ता वापरायचा नाही, हेच तर लिहिलंय इथे."

"पण तो पत्ता त्यांनी यायलाच दिला होता." ती माझ्याकडे वळली. "मॅडमनी वाचला आहे ना."

एचआरच्या बाईने माझ्याकडे बघितलं.

"ती ओळ उपहासाने लिहिली होती," मी म्हटलं. "असा माझा समज झाला."

हे खरंच होतं. पण ती ओळ उपहासाची नव्हतीच, हे तोवर मला कळलं होतं. विद्वांस अकरा वाजेपर्यंत कुणी येतं का बघत दार उघडं ठेवून बसणार होते, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं. पुण्यात आयुष्य काढून मला पुणेकर कळला नाही. यवतमाळहून सहा महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला कळला.

मग माझ्यासाठी एक फॉर्म आला. लीडचं निवेदन. तीन प्रश्न. 'या भेटीस आपण परवानगी दिली होती का?' नाही. 'या भेटीची आपणास पूर्वकल्पना होती का?' नाही. 'संबंधित कर्मचाऱ्यास नियमांचं प्रशिक्षण दिलं गेलं होतं का?' होय. खाली एक चौकट. 'शेरा, ऐच्छिक.'

मी ती चौकट पुष्कळ वेळ बघत बसले. तिथे काय काय लिहिता आलं असतं, त्याची यादी माझ्याजवळ तयार होती. मॅनेजरने फोनची परवानगी नाकारली. ओळ मी वाचली होती आणि हसण्यावारी नेली. सहावा प्रश्न मीच चुकीचा विचारला होता, आणि तिने तो सोडवला म्हणून बाकीची टिकेटं मिटली. ते पत्र मी मागून घेतलं आणि ते कुठे पाठवायचं तेही मीच सांगितलं. चार ओळी. माझं इंग्रजी चांगलं आहे, पाच मिनिटं लागली नसती.

माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. मी चौकट रिकामी ठेवली. शाळेपासून आजपर्यंत मी दुसरा कुठलाही फॉर्म अर्धा भरून दिलेला नाही.

पल्लवीचं कन्फर्मेशन झालं नाही. महिनाअखेरपर्यंत थांबायचीही गरज नाही, असं तिला त्याच दुपारी सांगण्यात आलं. सिक्युरिटीचा माणूस तिच्या टेबलाजवळ उभा राहिला आणि तिने ओळखपत्र काढून दिलं. मी तिला गेटपर्यंत सोडायला गेले. ते पत्र माझ्या सांगण्यावरून आलं, हे तिला वाटेत सांगितलं.

"बहिणीचं काय करशील?"

"बघू. तिकडेच कुठे ॲडमिशन मिळते का. हॉस्टेलवाल्यांनी माझा बेड दिला दुसऱ्या कुणाला."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला काही बोलेल. तिने पर्समधला डबा काढून बॅगेत नीट ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, सोमवारी तुम्ही फक्त 'बोललीस का' एवढं विचारलं. 'कशी बोललीस' असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. लपवायचं नव्हतं मला काही."

"माहीत आहे मला."

"मग तुम्ही काकांना पत्र पण लिहायला सांगितलं नसतं."

एवढंच. बस आली आणि ती गेली. नंतर मी दोनदा मेसेज केले. दोन्ही तिने वाचल्याचं दिसलं. ती यवतमाळला मोबाइलच्या दुकानात काम करते, असं तिच्या हॉस्टेलमधल्या एका मुलीकडून कळलं. बहीण घरीच आहे.

महिन्याच्या शेवटी विद्वांसांचा फोन आला. माझ्या थेट नंबरवर. तो मीच दिला होता.

"त्या मुलीचं झालं का कायम?"

"नाही. काढलं तिला."

"का?"

"तुमच्या घरी आली म्हणून. तुमच्या पत्रातून कळलं त्यांना."

त्यांच्या घरातलं एक घड्याळ टोले देत होतं. माझ्या मनगटावर अकराला दहा कमी होते.

"मी जे झालं तेच लिहिलं," ते म्हणाले.

"हो. मीही फॉर्ममध्ये जे खरं तेच लिहिलं."

"तुम्ही तिच्या वरच्या ना? तुम्हाला काही विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं. होय-नाहीत."

"आणि खालची चौकट?"

चार फॉर्म भरलेला माणूस. त्याला चौकट असते हे माहीत होतं. त्यांनी परत विचारलं नाही. "ठीक," ते म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर मी सहज बघितलं, तर त्यांचं अकाउंट बंद झालेलं होतं. त्यांनी स्वतःच बंद केलं होतं. कारण लिहायची चौकट तिथेही असते. त्यांनी लिहिलं होतं, 'कप्तानपद पोलंडच्या बाईंकडे सोपवले आहे. पाइपलाइनचा नकाशा त्यांना पाठवला आहे.' दुसरं काही नाही.

चार महिन्यांनी मी निवृत्त झाले. केक कापला. समीरने भाषणात त्या सहाव्या प्रश्नाचा उल्लेख केला. मॅडमनी एक वाक्य बदललं आणि टिकेटं निम्म्यावर आली, वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले.

तुम्ही त्या फोननंतर जे मदतीचं पान उघडलंत, त्याची पहिली ओळ 'घड्याळात काय दिसते ते पाहा' अशी आहे. ती माझ्या नावावर आहे. शोध पल्लवीचा आहे. पानाच्या तळाशी विचारतात, 'ही माहिती उपयोगी पडली का?' रेवाने 'होय' दाबलं असं तिने मला सांगितलं. चांगलं केलंस.

माझ्या धंद्यातली शिकवण हवी असेल तर ती एवढीच. 'बरोबर आहे का' असं कुणालाही विचारू नका. प्रत्येकाचं आपापल्या घरी बरोबरच असतं. 'काय दिसतं' ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. आणि पुढेमागे तुमच्यासमोर एखादा फॉर्म आला तर खालची चौकट आधी भरा. वरचे प्रश्न कुणीही भरतं.

स्वयंपाकघरातलं घड्याळ मी बरोबर केलं आहे. आता मला कुठली बस गाठायची नसते.